उलटा चिरा

खानावळीच्या किल्लीसोबत त्यांनी
तळहाताएवढं पिवळं चोपडं दिलं,
वर्षभराच्या भरती-ओहोटीचं.
"किल्ली हरवलीत तर दुसरी आहे," मदाम केर्विलू म्हणाल्या,
"हे मात्र सांभाळा."

सँ-मालोत समुद्र दिवसातून दोनदा गाव सोडून जातो
आणि दोनदा परत येतो.
उधाणाला बारा मीटर: चार मजले चढतो,
दार न वाजवता.
भांगाच्या दिवसांत जरा माणसात असतो.

तटावरून चाललो.
एका हाताला छपरं, धुरांडी, कुणाच्या तरी खिडकीत पुदिन्याची कुंडी;
दुसऱ्या हाताला वाऱ्यानं चेहरा ओढून नेलेला.
खाली दिंडी दरवाज्यात
एक कुरव कुणाचा तरी पाव पळवत होता,
आणि ज्याचा पाव, तो हसत होता.

"तीनशे वर्षं सहज झाली असतील या घरांना," मी म्हणालो.
मदाम थांबल्या. काठी टेकली.
"माझ्याहून लहान आहेत ती."

चव्वेचाळीसचा ऑगस्ट. आठवडाभर जळत होतं म्हणे.
म्हणे का? त्यांनी पाहिलं होतं, पलीकडच्या काठावरून,
मावशीच्या एप्रनआडून, सहा वर्षांच्या डोळ्यांनी.
मग राख उपसली. चिरे वेगळे काढले.
वडील गवंडी. वडील सांगत, आणि ही पोर
रंगाचा डबा घेऊन चिऱ्याचिऱ्यावर आकडे घाली.

बेकरीच्या कोपऱ्याला, गुडघ्याच्या उंचीवर,
त्यांनी काठीनं दाखवला तो एक.
पुसट. दाखवल्याशिवाय दिसू नये असा.
नव्व्याण्णव.
"मी सहासष्ट लिहिलं होतं.
बाबांनी उलटा बसवला."
"ते काय म्हणाले?"
"मेले तरी म्हणाले नाहीत. नव्व्याण्णवच, म्हणायचे."
"मग खरा नव्व्याण्णव कुठाय?"
त्यांनी अख्ख्या गावाकडे बघितलं,
जसं आपण पडलेल्या सुईसाठी सतरंजीकडे बघतो.

दुसऱ्या दिवशी बसनं कांकालला गेलो.
कालवं. डझनभर, लिंबाची फोड, कागदी ताटली.
जेटीवरची बाई कालव उघडते त्यात राग नसतो,
नुसती मनगटाची एक वळणी.
खाऊन झालं की शिंपले तिथंच पायऱ्यांखाली टाकायचे;
सगळेच टाकतात.
पुळणीवर त्यांचा ढीग,
कुणाच्या तरी आजोबांनी खाल्लेला खाली,
मी खाल्लेलं वर.

परतताना सियोंच्या पुळणीवर उतरलो.
ओकाचे बुंधे रांगेनं रोवलेले, काळे, वाकडे,
लाटांचा मार खायला ठेवलेले.
एका बुंध्याला कुणीतरी लाल हातमोजा घातला होता.
लहान मुलाचा. हरवलेला.
कुणी नेईल म्हणून घातलेला.
दोन दिवस तिथंच होता.
तिसऱ्या दिवशी पाण्याचा आकडा मोठा होता चोपड्यात.

शेवटच्या संध्याकाळी मदाम म्हणाल्या, चला, एवाँ उडी मारणार आहे.
एवाँ म्हणजे त्यांच्या पुतण्याचा नातू,
दातांना तार, पाठीचे मणके मोजता येतील असा.

ओहोटीला त्या किनाऱ्यावर एक हौद उरतो,
भिंती घालून अडवलेला समुद्र.
भरतीला हौदही बुडतो, भिंतीही;
नुसता उडीचा मनोरा उरतो भर पाण्यात,
जणू घर वाहून गेलं आणि जिना राहिला.
एवाँ पोहत गेला, चढला.
वर उभा राहून त्यानं खाली बघितलं,
मग आमच्याकडे, मग परत खाली.
तटावरच्या दोन मुली त्याच्याकडे अजिबात बघत नव्हत्या,
फार मन लावून बघत नव्हत्या.

मग तो हवेत. डोकं खाली, पाय वर,
पायांचे गोरे तळवे आभाळाला दाखवत.

मदाम पुटपुटत मोजू लागल्या.
त्यांची बोटं तटाच्या दगडावर होती.
सात.
आठ.
मी चोपडं मुठीत चुरगळत होतो, नंतर लक्षात आलं.
अकराला त्याचं डोकं वर आलं,
आम्ही बघत होतो त्याच्या
भलत्याच बाजूला.